लोकरीचे तेवढे दे

आमच्या आयांचे हात कुणी रिकामे पाहिले असतील तर सांगावं. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी संसार केले, दोन खोल्यांत सहा माणसं आणि वर गावाकडून शिकायला आलेला एखादा पुतण्या सांभाळला, त्या बायकांबद्दल बोलते आहे. दुपारची मागची आवराआवर झाली, आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ लागलं, की मांडीवर काहीतरी यायचंच. लोकर, क्रोशाचा दोरा, भरतकामाची रिंग, नाहीतर गेला बाजार कुणाच्या तरी साडीचा फॉल. ऋतूचा काही संबंध नाही. डोंबिवलीत थंडी अशी पडते तरी कधी? पण आमच्या बिल्डिंगीत भर मे महिन्यात घाम पुसत स्वेटर विणले जात, कारण कुणाचा भाऊ दिल्लीला असे, कुणाचा दीर पठाणकोटला.

घरातली वस्तू उघडी ठेवणं हा अब्रूचा प्रश्न होता. रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी लावलेला जाळीचा रुमाल. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षांत ज्यांच्याकडे टीव्ही आला त्यांच्याकडे टीव्हीच्या आधी त्याचं माप आलं. टीव्हीला सरकती लाकडी दारं होती, तरी वरून क्रोशाचा रुमाल हवाच, आणि रुमालावर पिस्त्याच्या सालींच्या फुलांची फुलदाणी. पिस्ते कुणी खाल्ले होते कोण जाणे, साली मात्र घरोघर होत्या. मग प्लास्टिकच्या वायरीच्या पिशव्यांची लाट आली, तिच्यामागून मॅक्रमेची. एरवी घुबडाचं नाव काढलं तरी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणणाऱ्या बायकांनी सुतळीचं घुबड मात्र हौसेनं बाहेरच्या खोलीत टांगलं.

सगळ्यांत मोठी मांडणी रुखवताची. कार्यालयात लांबलचक टेबलावर मोत्यांनी मढवलेला नारळ, सुपाऱ्यांचे भटजी, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, सप्तपदीची सात पावलं, लोकरीचा कुत्रा. ‘सगळं नवरीनं स्वतः केलंय हो,’ असं वधूची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. निम्मं मावशीनं केलेलं असे आणि बंगला आधीच्या दोन लग्नांत मिरवून आलेला असे. पाहुण्या बायका हे जाणून असत, कारण त्यांनीही तेच केलेलं असे. त्या नवरीला बघायला येतच नसत. त्या नमुना बघायला येत. माझी मावशी तर पंगतीत पुढच्या बाईच्या पाठीवरचे टाके मोजत बसे. जेवण राहिलं बाजूला. शेवटी न राहवून, ‘अहो, जरा वळता का इकडे?’

नमुन्यासाठी काय वाट्टेल ते. ‘स्त्री’ मासिक किर्लोस्करांकडून १९३० पासून निघत होतं, पुढे आणखी मासिकं आली, आणि त्यांतलं विणकाम-भरतकामाचं पान आमच्याकडे गोष्टींच्या आधी उघडलं जाई. मासिक विकत घेणं ही चैन होती. ते वाचनालयातून येई. त्यामुळे आमच्या वाचनालयातल्या मासिकांतली गोष्ट शेवटपर्यंत वाचायला मिळणं कठीण. विणकामाच्या पानाच्या पाठीवर छापलेला शेवट कुणीतरी नमुन्यासकट फाडून नेलेला असे. ग्रंथपाल चिडचिड करत. पान कुणी लांबवलं ते महिन्याभरात सगळ्यांना कळे, कारण तो नमुना तिच्या मुलाच्या अंगावर शाळेत येई.

आईची नमुन्यांची वही माझ्याकडे आहे. मुळात ती थोरल्या भावाची भूगोलाची वही. दख्खनच्या पठाराची काळी मृदा संपली की पुढच्या पानापासून स्वेटर सुरू. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘ओळ १ – २ सु., १ उ., लोकर पुढे, २ एकत्र.’ सु. म्हणजे सुलट, उ. म्हणजे उलट. एका पानाला करून पाहिलेल्या नमुन्याचा चौकोनी तुकडा टाचणीनं टोचलाय. टाचणी गंजून पिवळ्या लोकरीवर तपकिरी ओघळ उतरलाय. आणि जवळजवळ प्रत्येक नमुन्याखाली तो कुणाकडून आला ते लिहिलंय. ‘तळमजल्याच्या काकू.’ ‘नणंदबाई, नाशिक.’ ‘गाडीत भेटलेल्या बाई, मुलुंडला उतरल्या.’ त्या मुलुंडच्या बाईंचा नमुना मला वाटतं सगळ्यांत अवघड आहे, वेणीत वेणी गुंतलेला. मुलुंड येईपर्यंत आईनं तो टिपला कसा, हे तिलाही आता सांगता येत नाही.

लोकलचा बायकांचा डबा म्हणजे विणकामाची शाळाच होती. डोंबिवली ते व्हीटी स्वेटर चार बोटं वाढे. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून विणणाऱ्या बायका आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ठाण्याला नवी बाई चढली की आधी तिच्या हातातल्या सुया बघायच्या, मग चेहरा.

भरतकामासाठी खाका. पातळ कागदावर चित्र काढायचं, रेषेवरून सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की कापडावर निळ्या ठिपक्यांची वेल. घरभर रॉकेलचा वास सुटे आणि वडील दारातूनच विचारत, ‘स्टो भडकला का गं?’ एकेक खाका बिल्डिंगभर फिरे, भोकं फाटून वेलीची पानं भोपळ्याएवढी होईपर्यंत. एकाच मोराच्या उशा चार घरांत दिसत. त्यात कुणाला चोरी वाटली नाही.

दूरदर्शनवर सुहासिनी मुळगांवकरांचं ‘सुंदर माझं घर’ लागे. तेव्हा पुन्हा बघायची सोय नव्हती. म्हणून एकीनं पडद्याकडे बघायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं, अशी वाटणी. आणि नेमक्या मोक्याच्या टाक्याला पडद्यावर ‘व्यत्यय’ची पाटी येई.

इथपर्यंतचं सगळं आम्ही एकत्र जमलो की मोठ्या रंगात येऊन सांगतो. पुढचं सहसा सांगत नाही. ते पैशाचं आहे.

बिल्डिंगीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की बाळंतविड्याचं काम आईकडे येई. कुंची, टोपडं, मोजे, पुढून बटणांचा स्वेटर. आई रात्री आम्ही झोपल्यावर, वडिलांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून स्वयंपाकघरातल्या चाळीसच्या बल्बखाली बसे. काम नेताना समोरची विचारी, ‘किती द्यायचे हो वहिनी?’ आणि आई पदराला हात पुसत म्हणे, ‘लोकरीचे तेवढे दे.’ फारच आग्रह झाला तर एक ब्लाउजपीस आणि ओटीत नारळ. तो ब्लाउजपीस पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जाई. रात्रींचा हिशोब कुणी मांडला नाही. आईनं तर नाहीच.

तळमजल्यावरच्या काकूंचे यजमान गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, तो काही मिटला नाही. काकूंनी दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘येथे फॉल-बिडिंग व स्वेटर करून मिळतील.’ हात त्यांचा आईपेक्षा सफाईचा. भरतकामाची मागची बाजू बघितली तर पुढची कुठली ते ओळखू येऊ नये. पण पाटी लागली त्या दिवसापासून बिल्डिंगीतल्या बायका त्यांच्याविषयी आवाज खाली आणून बोलू लागल्या. ‘बिचाऱ्या पैसे घेऊन करतात.’ लोकर तीच, सुया त्याच. हौस म्हणून केलं की कौतुक, पोटासाठी केलं की कीव. काकू दर वाढवायला कचरत, कारण शेजारीच माझी आई फुकट करून देत होती. आईच्या चांगुलपणाची किंमत अशी काकू मोजत होत्या.

बाईच्या हाताला चार पैसे मिळावेत म्हणून आपल्याकडे कुणी काही केलं नाही असं नव्हे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात १९०९ साली सेवासदन निघालं आणि तिथे शिवण-विणकाम शिकवलं जाई. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. पण पापडाचं सोपं असतं. पापड वजनावर जातो; जितके किलो लाटले तितकी मजुरी. लोकरीचं वजन करता येतं, टाक्याचं कुठल्या तराजूत करायचं? दिवाळीआधीच्या ग्राहक पेठांत तिघी-चौघींनी मिळून टेबल घेतलं की भाजणी आणि मेतकूट संध्याकाळपर्यंत संपून जाई. क्रोशाच्या रुमालाला मात्र बायका हात लावत, उलटा-पालटा करत, जाळी डोळ्यांत साठवून घेत आणि ‘छान आहे, घरीच करीन’ म्हणून पुढे सरकत.

ऐंशीचं दशक सरता सरता हे सगळं ओसरलं. दर हिवाळ्यात शहरांच्या फुटपाथांवर तिबेटी बायका-पुरुष लुधियानाचे यंत्रावर विणलेले स्वेटर घेऊन बसू लागले होते, आणि हातानं विणायच्या लोकरीला जितके पैसे पडत तितक्यात तयार स्वेटर मिळे. आम्ही मुली बँकेत, शाळेत, एलआयसीत लागलो. दोन टाके घालता येतात इतपत शिकलो होतो, ते विसरलो. आमच्या मुलांनी आजीचा स्वेटर टोचतो म्हणून अंगातून काढला, तेव्हा आम्ही त्यांना फारसं रागावलो नाही.

आता भाचीचं सांगते. ती पुण्यात असते, शिकली इंजिनिअरिंग. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या खणाच्या तुकड्यांचे मास्क शिवले, ते फोनवर टाकले, ओळखीत खपले. मास्कची गरज संपली तरी हात थांबेनात, तेव्हा आजीकडून व्हिडिओ कॉलवर क्रोशा शिकली. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. ‘सुई अशी नको धरू, पेन्सिल नाहीये ती,’ हे वाक्य त्या वर्षात आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल. मग ती बाहुल्या करायला लागली. जपानी पद्धतीच्या, ज्यांना अमिगुरुमी म्हणतात त्या: आत कापूस भरलेल्या, गोल डोक्याच्या, तळहातात मावणाऱ्या.

एकदा ती एक जपानी तक्ता घेऊन आली. अक्षरं जपानी, पण क्रोशाच्या खुणा जगभर समजतात: साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला टोपी घातलेली उभी रेघ आणि तिच्यावर एक तिरपी काडी. आईचं वय ऐंशीच्या पुढे. भिंग लावून तिनं मधल्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. ‘सहा मुके. मग प्रत्येकात दोन, बारा झाले. पुढच्या फेरीला एक सोडून एक... अठरा. वाढवत नेलंय.’ भाची बघतच राहिली. चौथ्या फेरीवर बोट थांबलं. मग भाचीनं केलेलं डोकं हातात घेऊन आई म्हणाली, ‘तू प्रत्येक फेरीत वाढ एकाखाली एक घेतली आहेस. म्हणून याला सहा कोपरे आलेत बघ. वाढ सरकवून घे, गोल होईल.’ भाचीनं सरकवून घेतली. झालं गोल.

भाची बाहुल्या इन्स्टाग्रामवर विकते. पण त्याहून नवल दुसरंच आहे. अमेरिकेत २००५ मध्ये हातानं केलेल्या वस्तूंसाठी एट्सी नावाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला, २००७ मध्ये खास विणणाऱ्यांसाठी रॅव्हेलरी आलं. अशा ठिकाणी वस्तूबरोबर नमुनाही विकता येतो, नमुन्याची पीडीएफ. एकदा लिहायची, कितीही जणींना विकायची. भाचीनं एका हत्तीचा नमुना असा लिहून ठेवलाय आणि कुठली तरी नॉर्वेतली बाई त्याचे डॉलर मोजते. हे आईला समजावून सांगताना मला घाम फुटला. शेवटी तिला उमगलं. ‘म्हणजे वहीचे पैसे?’ तिनं विचारलं. हो, वहीचे. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘मुलुंडच्या बाईंना काय द्यायचे मग?’

भाची किंमत कशी काढते ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. दोरा, भरायचा फायबर, डोळे, खोका, कुरिअर, विकणाऱ्या ॲपचं कमिशन. आणि शेवटच्या ओळीत: तास. छोट्या बाहुलीला चार-साडेचार तास. तासाचे शंभर धरले तरी मजुरीच चारशेवर जाते. ती आकडा टाकते आणि दहा मिनिटांत मेसेज येतो, ‘ताई, थोडं कमी होईल का?’ दुसरा येतो, ‘बाजारात दीडशेला मिळते.’ तिसरा ठरलेला: ‘घरीच तर बसून करता ना?’

दीडशेच्या बाहुलीचं गणित सांगायला हवं. स्वेटर यंत्रावर विणता येतो, क्रोशा येत नाही. कारखान्यात लावून खऱ्या क्रोशाचा माल काढता येईल असं यंत्र अजून तरी नाही. म्हणजे दुकानात दीडशेला टांगलेली क्रोशाची बाहुली, तीनशेचा क्रोशाचा टॉप, हे सगळं कुणीतरी हातानंच केलेलं आहे. त्या दीडशेतून दुकानदार, घाऊक व्यापारी, दोरा, गाडीभाडं वजा करा आणि हाताला काय उरलं ते बघा. आंध्रातल्या नरसापूरच्या लेसची गोष्ट अशीच. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये तिथल्या लेसवाल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: या बायका गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि तेवढ्या आधारावर मजुरी नाममात्र ठेवायची. माल जगाच्या बाजारात, बाई मात्र ‘घरीच तर बसलेली’. आमच्या आईवर कुणी व्यापारी बसलेला नव्हता, पण फावल्या वेळाची समजूत तिचीही तीच होती, आणि तिच्यामुळे काकूंना फटका बसला तो त्याच समजुतीचा.

म्हणून भाची तासांची ओळ लिहिते, ते मला फार आवडतं. या पिढीनं केलेली खरी क्रांती फोन नाही, ही ओळ आहे. अर्थात फोननं एक मदत केली. आईच्या तोंडून आकडा निघत नसे, कारण समोर शेजारीण उभी असे, आणि तिच्या हातून नोटा आपल्या हातात घ्यायच्या म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि तो हातातून हातात जाण्याचा प्रसंगच टळला. आकडा लिहायचा, क्यूआर कोड पाठवायचा, मोबाइल किणकिणतो. लाजायला कुणाचा चेहराच समोर नसतो. परवा आमच्या भिशीतल्या एका साठीच्या बाईंनी स्टेटसला तोरणाचे फोटो टाकून खाली बेधडक किंमत लिहिली, ‘घासाघीस करू नये’ हेही लिहिलं. याच बाई समोरासमोर एक रुपया मागायच्या नाहीत, पैज लावते.

नमुन्याच्या बाबतीत मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. भाचीनं खणाच्या कापडाची चंद्रकोरीची कानातली काढली, फोटो टाकला, आणि आठवड्याभरात तीच कानातली दुसऱ्या कुणाच्या पानावर निम्म्या किमतीला. फोटोसुद्धा भाचीचाच, फक्त नाव कापलेलं. ती रात्रभर रडली. आता फोटोवर मधोमध नाव छापते, मागची बाजू दाखवत नाही, रील करताना अवघड जागा आली की कॅमेरा फिरवते. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी करता येते. २००० चा कायदा आहे, दहा वर्षं संरक्षण मिळतं, ते पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण जिची डिझाइनं महिन्याला बदलतात त्या बाईनं अर्ज कधी करायचा आणि कानातली कधी? आमच्या आया एकमेकींचे नमुने बिनदिक्कत उचलत, तरी भांडणं झाली नाहीत, हे खरं. पण त्यातून कुणी कमावत नव्हतं, हेही तितकंच खरं. पोट आलं की कुलूप येणारच. तरी कॅमेरा फिरवणारी भाची बघितली की मला पंगतीतली मावशी आठवते आणि वाटतं, तिनं आज काय केलं असतं? पडदा मोठा करून टाके मोजले असते. नक्की.

तळमजल्याच्या काकू आता नाहीत. त्यांची सून संक्रांतीचे हलव्याचे दागिने करते आणि मला आमच्या परिचयातला हा सगळ्यांत कष्टाचा धंदा वाटतो. परातीत खसखस किंवा साबुदाणा, खाली मंद आच, चमच्यानं थेंब-थेंब पाक, आणि उघड्या बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थेंब. घाई केली की गोळा होतो, हवा दमट असली की काटा फुलत नाही. म्हणून बसायचं ते पहाटेच्या कोरड्या थंडीत. बोटांची टोकं डिसेंबरभर लाल. मग ते काटेरी दाणे दोऱ्यानं पुठ्ठ्यावर बसवून मुकुट, तन्मणी, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. बाळाच्या बोरन्हाणाला कृष्णाची बासरी. पूर्वी हे दागिने घरची आत्या करी, नाहीतर दादरच्या एखाद्या दुकानातून येत. आता न्यू जर्सीतल्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे, दुबईतल्या नातवाच्या बोरन्हाणाचे दागिने ही बाई ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पाठवते. साखरेला ओल लागली की संपलं, म्हणून डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालते आणि काळी साडी नेसलेल्या नव्या नवरीचा फोटो मागून घेते. तिला विचारलं, सासूबाईंसारखी पाटी नाही लावलीस? म्हणाली, ‘काकू, पाटी बघायला आता दारात कोण येतंय?’

सगळंच गोड आहे असं नाही. मला न आवडणारी एक गोष्ट सांगून टाकते. हल्ली आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी करून देणारे बरेच जण निघालेत. काम सुंदर असतं. काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं, आत जुनी लुगडी, धोतरं. हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत खांद्याला काय होतं ते. किंमत हजारांत असते, आणि असावीच. पण तिच्या लेबलवर पुण्या-मुंबईतल्या ब्रँडचं नाव असतं, गोधडी शिवली त्या गावातल्या बाईचं नसतं. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, तिथे बचत गटातल्या बाया स्वतः मांडून बसतात. निदान चेहरा तरी दिसतो. ऑनलाइनमध्ये पुण्यातल्या मुलीचा आवाज येतो आणि गावातल्या बाईचे नुसते हात दिसतात, तेही मनगटापर्यंतच. जिच्या वहीत ‘गाडीत भेटलेल्या बाई, मुलुंडला उतरल्या’ एवढी तरी नोंद होती, त्या माझ्या आईच्या तुलनेत आपण मागेच गेलो म्हणायचं.

तर मैत्रिणींनो, दोन कामं करा. घरात आईची, सासूची अशी वही असेल तर तिच्या पानांचे फोटो काढा आणि त्या जिवंत आहेत तोवर विचारून घ्या, कुठला नमुना कुणाकडून आला. ते नावानिशी लिहा. भाचीला, सुनेला नमुना द्याल तेव्हा ती नावंही द्या, आणि तिनं तो विकला तर तिलाही लिहायला लावा. दुसरं, फोनवर एखाद्या बाईनं केलेली वस्तू आवडली आणि तिनं किंमत सांगितली, तर परवडत असेल तर घ्या, नसेल तर मुकाट पुढे जा. ‘ताई, कमी होईल का’ विचारू नका. आणि ‘घरीच तर बसून करता’ हे तर आयुष्यात पुन्हा कुणाला म्हणू नका. चाळीस वर्षांपूर्वी आपण ते काकूंना म्हटलं होतं, तेवढं पुष्कळ झालं.